नवी बॅटरी घेण्याआधी हे वाचा
जुन्या मोटरसायकलच्या चार्जिंगबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

"बॅटरी गेलीय, नवी टाकून द्या," असं सांगत जुनी गाडी आमच्याकडे येते, तेव्हा आम्ही लगेच हो म्हणत नाही. चार्जिंगमध्ये बिघाड कुठेही असो, पहिली मान टाकते ती बॅटरीच. मूळ दोष तसाच राहिला तर नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत बसते. म्हणून आधी मल्टीमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचा मीटर), मग पाना-पक्कड. यातली बरीचशी तपासणी साध्या मल्टीमीटरवर तुम्हालाही घरी करता येते.

इंजिन फिरलं की मॅग्नेट कॉइलभोवती फिरतो आणि कॉइलमध्ये एसी करंट तयार होतो. बॅटरीला डीसी लागतो. हे रूपांतर आणि व्होल्टेजवर लगाम, दोन्ही कामं आरआर युनिट, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर करतं. खालचे आकडे १२ व्होल्टच्या अशा गाड्यांसाठी आहेत. ६ व्होल्टच्या किंवा डायनामोच्या गाडीला ते लावू नका. फार जुन्या काही गाड्यांत तर बॅटरीचा पॉझिटिव्ह चॅसीला जोडलेला असतो, त्यामुळे वायर सोडण्याआधी ते नक्की बघून घ्या.

सुरुवात बॅटरीपासूनच. ती बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करा आणि काही तास तशीच ठेवून मग मोजा. १२.६ ते १२.८ व्होल्ट आले तर ठीक. १२ च्या आसपासच अडकली तर तिच्यात दम उरलेला नाही. सेल्फ असेल तर सेल्फ मारताना मीटरकडे बघा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी खरंच थकली आहे, तेव्हा ती बदला, आमचीही ना नाही. मात्र अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर पुढची मोजणी करू नका. एखादा सेल शॉर्ट असेल तर चांगलं चार्जिंगही मीटरवर कमीच दिसतं आणि मग निष्कारण कॉइल उघडली जाते.

आता गाडी चालू करा, मीटर बॅटरीच्या टर्मिनलवरच ठेवा आणि हळूहळू रेस द्या. मध्यम रेसवर, म्हणजे साधारण ४००० ते ५००० आरपीएमला, १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. स्लोवर थोडे कमी दिसले तर घाबरू नका, बऱ्याच जुन्या गाड्यांचं तसंच असतं. रेस देऊनही आकडा हलला नाही तर करंट बॅटरीपर्यंत पोचतच नाही. सगळ्यात आधी फ्यूज आणि त्याचा होल्डर बघा. फ्यूज शाबूत पण होल्डर गंजलेला, हे नेहमीचं दुखणं आहे. आकडा १५ च्या वर गेला तर प्रकरण उलटं: बॅटरीतलं पाणी लवकर आटतं, बल्ब वरचेवर उडतात. अशी गाडी तशीच चालवू नका. दोष बहुधा आरआर युनिटचा किंवा त्याच्या अर्थचा (बॅटरीच्या निगेटिव्हशी असलेल्या जोडणीचा) असतो. काही गाड्यांत युनिट बॅटरीचं व्होल्टेज इग्निशन स्विचमधून येणाऱ्या वायरवरून ओळखतं. स्विचचे पॉइंट काळवंडले की त्याला बॅटरी उतरलेली वाटते आणि ते आणखी करंट ढकलत राहतं. अशा वेळी नवं युनिट टाकूनही फरक पडत नाही.

मधल्यामध्ये, १३ च्या आसपास रेंगाळणाऱ्या गाड्यांत आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. आम्ही आधी कपलर, म्हणजे वायर जोडणारा प्लास्टिकचा कनेक्टर, उघडतो. कॉइलकडून येणाऱ्या वायर (तीन फेजच्या गाडीत बहुतेक वेळा तीन पिवळ्या) ज्या कपलरमध्ये जातात, तो हातात घेऊन नीट बघा. प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलंय, एखादी पिन काळी आहे, वायरचं आवरण कडक झालंय? पिन सैल झाली की तिथे रोध वाढतो, रोधाने उष्णता, उष्णतेने पिन आणखी सैल. पॉलिश पेपर मारून भागवू नका. पिन आणि कपलर बदला, आणि वायर आतून काळी पडली असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा.

दुसरं ठिकाण अर्थचं. इंजिन मध्यम रेसवर ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं आरआर युनिटच्या बॉडीला लावा (युनिटला वेगळी अर्थ वायर असेल तर त्या वायरला). आकडा शून्याच्या जवळ हवा. ०.२ व्होल्टहून जास्त आला तर गंज, रंग किंवा सैल थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) शोधा. नुकतंच पेंटिंग झालेल्या गाडीत तर इथेच आधी बघा, कारण रंगावर कसलेला बोल्ट अर्थ देत नाही. पॉझिटिव्हच्या बाजूलाही असंच मोजता येतं.

इथवर सगळं चोख असेल तरच कॉइल. कपलर सोडा, मीटर एसीवर घ्या आणि पिवळ्या वायर दोन-दोन करून मोजा. तिन्ही जोड्यांचा आकडा जवळपास सारखा हवा आणि रेसबरोबर वाढायला हवा. किती वाढतो ते गाडीगणिक बदलतं, तिन्हींचा सारखेपणा महत्त्वाचा. मग गाडी बंद करून कुठल्याही पिवळ्या वायरची इंजिन बॉडीशी कंटिन्यूइटी (दोन्ही आतून जोडलेले आहेत का ते) बघा. मीटर वाजला तर कॉइल अर्थ झाली आहे. ती रिवाइंड करून घ्या किंवा बदला. कॉइल निर्दोष निघाली तर उरतं आरआर युनिट. मीटरवर त्याचे फक्त डायोड (एसीचा डीसी करणारे भाग) कळतात, रेग्युलेटर कळत नाही. म्हणून शेवटी आम्हीही खात्रीचं दुसरं युनिट लावूनच बघतो.

हेडलाइटवरून मात्र अंदाज बांधू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट कॉइलच्या एसीवर चालतो. रेसबरोबर तो झगझगीत होतो, बॅटरी मात्र उपाशीच राहते. अशा गाडीत बॅटरीची हाक हॉर्न आणि इंडिकेटर देतात.

चार्जिंग बरोबर असूनही चार-पाच दिवस उभी राहिल्यावर गाडी मरते? मग गळती बघा. इग्निशन बंद करा, निगेटिव्ह वायर सोडून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर मिलीअँपिअरवर जोडा. अलार्म किंवा घड्याळ नसलेल्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य हवा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "चार्जिंग होतंय का" बघण्याची जुनी सवय कृपया सोडा. बॅटरी बाजूला झाली की व्होल्टेज उसळतं, मग बल्बपासून सीडीआयपर्यंत (प्लगला ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटपर्यंत) काहीही जाऊ शकतं.

गाडी आणताना तुमचे आकडे कागदावर लिहून आणा आणि नंतर बसवलेले जास्तीचे दिवे, हॉर्न, मोबाइल चार्जर आधीच सांगा. जळालेला कपलर कापून काढला असेल तर तोही सोबत आणा. कुठली पिन जळली यावरून कुठली वायर आधी धरायची ते आम्हाला कळतं.