प्रयोगातला माणूस, फाइलीतला माणूस

१९ मार्च २०१४ची गोष्ट. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या आवारात आठ कॅमेरे लावले होते. त्यांच्यासमोरून विद्यार्थी नेहमीसारखे ये-जा करत होते. जवळजवळ दीड तास हे चित्रण चाललं. संशोधकांना पाहायचं होतं ते एवढंच, की एका कॅमेऱ्यात दिसलेला माणूस पुढच्या कॅमेऱ्यात आला तर ‘हा तोच’ असं संगणक ओळखू शकतो का. वीस लाखांहून अधिक चौकटी आणि सत्तावीसशेहून अधिक माणसं, एवढा ऐवज जमा झाला. २०१६मध्ये तो इंटरनेटवर खुला केला गेला. जगभरच्या संशोधकांनी तो उतरवून घेतला. त्यात पाळत ठेवण्याची यंत्रणा विकणाऱ्या कंपन्यांचेही संशोधक होते.

२०१९मध्ये या प्रकाराला वाचा फुटली आणि साठा काढून टाकण्यात आला. प्रकल्पाच्या प्रमुख प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातून जाहीर माफी मागितली. विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी होती, पण ती बंदिस्त जागेतल्या चित्रणाची. शिवाय साठा फक्त मागणी करणाऱ्यांनाच द्यायचा असं ठरलं होतं. चित्रण झालं उघड्यावर, आणि साठाही सगळ्यांना मोकळा.

या प्रकरणात निदान परवानगी मागितली तरी होती. त्या काळात चेहऱ्यांचे असे कितीतरी साठे जमले, ज्यांच्यासाठी कुणी कुणाला विचारलंच नाही. त्यामागे सगळे बेफिकीर होते असं नाही. विचारायचं असतं हेच त्या क्षेत्राला शिकवलेलं नव्हतं. ते का, हे समजायला संगणकापासून लांब, दवाखान्यात जावं लागतं.

माणसांवरच्या संशोधनाला नियम असावेत ही गोष्ट जगानं फार मोठी किंमत मोजून मान्य केली. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून १९४७मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली. माणसाची स्वेच्छेनं दिलेली संमती अत्यावश्यक आहे, या वाक्यानंच ती सुरू होते. पुढच्याच वर्षी, १० डिसेंबर १९४८ला, मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा संमत झाला. तरीही अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं अलाबामातल्या टस्कीगी इथं १९३२पासून चालवलेला अभ्यास थांबला नाही. उपदंश झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना त्यांचा आजार नेमका काय आहे हे सांगितलं नव्हतं. पेनिसिलिन हा सर्रास उपचार झाल्यावरही ते त्यांच्यापर्यंत पोचू दिलं नाही. १९७२मध्ये ही बातमी वृत्तपत्रांत आली तेव्हा कुठे अभ्यास बंद झाला. १९७४मध्ये कायदा झाला, आणि १९७९च्या बेलमाँट अहवालानं तीन तत्त्वं मांडली: व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय.

खरी मेख पुढे आहे. या तत्त्वांवरून जे नियम बनले त्यांत ‘संशोधनातला माणूस’ कोण, याची व्याख्या करावी लागली. ज्याच्याशी संशोधक प्रत्यक्ष काही करतो, किंवा ज्याची ओळख पटेल अशी खासगी माहिती मिळवतो, तो. आधीच सार्वजनिक असलेली माहिती अभ्यासली, तर नियमांतून सूट. सुई टोचताना विचारा, जुनं छापील कागदपत्र चाळताना कशाला विचारायचं? त्या काळी हा हिशेब बरोबरच होता. पण वीस-तीस वर्षांत माणसांचे चेहरे, पत्रं, भांडणं, प्रेमप्रकरणं सगळंच ‘सार्वजनिक’ होऊन बसलं, आणि नियमातली ती फट हमरस्ता झाली. शरीर असलेल्या माणसाला संरक्षण मिळालं. फाइलीतला माणूस बाहेरच राहिला.

संगणकाच्या क्षेत्राला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी नव्हती असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. यंत्रं आणि सजीव यांच्यातल्या नियंत्रण-संदेशवहनाचं शास्त्र म्हणजे सायबरनेटिक्स; त्याचे जनक नॉर्बर्ट वीनर यांनी जानेवारी १९४७च्या ‘अटलांटिक मंथली’त एक पत्र प्रसिद्ध केलं. क्षेपणास्त्रांवर काम करणाऱ्या एका संशोधकानं त्यांच्या निबंधाची प्रत मागितली होती आणि त्यांनी ती द्यायला नकार दिला होता. हिरोशिमानंतर ज्ञान वाटणं हे निरागस काम उरलेलं नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्द १९५५मध्ये एका प्रस्तावात पहिल्यांदा आला आणि १९५६च्या डार्टमथच्या बैठकीनं तो रूढ केला. म्हणजे या विद्येचं बारसं व्हायच्या आधीच तिच्या नीतीचा पहिला नकार नोंदला गेला होता.

दुसरं नाव जोसेफ वायझेनबाउम यांचं. लहानपणी, १९३६मध्ये, त्यांच्या कुटुंबानं नाझी जर्मनी सोडला. १९६६मध्ये एमआयटीत त्यांनी ‘एलायझा’ हा गप्पा मारणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्याची करामत म्हणजे समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत करणं, एवढीच. हा प्रोग्राम तयार होताना त्यांच्या सेक्रेटरीनं अनेक महिने डोळ्यांदेखत पाहिला होता. तरी त्याच्याशी दोन-चार वाक्यं बोलताच तिनं वायझेनबाउमना खोलीबाहेर जायला सांगितलं. तिला खासगीत बोलायचं होतं! या अनुभवानं ते हादरले. संगणकाला जमत असलं तरी काही कामं त्याला द्यायची नाहीत, हे सांगायला त्यांनी १९७६मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं. सहकाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते रुचलं नाही.

कायद्याची वाट फ्रान्सनं पाडली. सरकारी नोंदी एका क्रमांकानं जोडण्याची ‘सफारी’ नावाची योजना १९७४मध्ये ‘ल माँद’ या वृत्तपत्रानं उघडकीला आणली. फ्रेंच माणसांचीच शिकार, असा मथळ्यातला टोमणा होता. त्या गदारोळातून ६ जानेवारी १९७८चा कायदा आला. माणसाच्या वर्तनाचं मूल्यमापन करणारा कोणताही प्रशासकीय किंवा खासगी निर्णय केवळ स्वयंचलित प्रक्रियेच्या आधारे देता येणार नाही, असं त्यानं बजावलं. हीच कल्पना १९९५च्या युरोपीय निर्देशात गेली आणि तिथून २५ मे २०१८पासून लागू झालेल्या जीडीपीआरच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या नियमाच्या, २२व्या कलमात. आज नवीन वाटणारा हा हक्क पंचेचाळीस वर्षांहून जुना आहे.

एका प्रकरणापाशी थोडं थांबायला हवं, कारण एआयमधल्या भेदभावाची सुरुवात अलीकडची आहे हा समज ते मोडून काढतं. लंडनच्या सेंट जॉर्ज्स हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये प्रवेशअर्जांची पहिली चाळणी माणसं करत. तासन्‌तास चालणारं ते कंटाळवाणं काम, परीक्षकागणिक निकाल वेगळा. ते एकसारखं आणि न्याय्य व्हावं अशा चांगल्या हेतूनं तिथल्याच एका डॉक्टरनं प्रोग्राम लिहायला घेतला. जुने निर्णय तपासून त्यांच्याशी जुळेपर्यंत तो सुधारत नेला. १९७९मध्ये तो पूर्ण झाला. माणसांच्या निवडीशी तो ९० ते ९५ टक्के जुळत होता, म्हणून १९८२पासून पहिली चाळणी त्याच्याकडेच सोपवली गेली.

तो जुळत होता, आणि गडबड तिथंच होती. परीक्षक नकळत जे करत आले होते ते प्रोग्रामनं गुणांत उतरवलं. नाव आणि जन्मस्थान यांवरून अर्जदार युरोपीय वंशाचा नाही असं दिसलं की गुण वजा. बाई असली तरी वजा. वंशसमता आयोगाच्या चौकशीत संस्था दोषी ठरली आणि १९८८मध्ये अहवाल आला. केवळ वंश किंवा लिंग यांमुळे दरवर्षी ६०पर्यंत अर्जदारांची मुलाखत हुकली असावी, असा अंदाज निघाला. कडवट भाग असा, की लंडनच्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांपेक्षा इथं युरोपीय वंशाबाहेरचे विद्यार्थी जास्त होते. इतर ठिकाणी हेच माणसांच्या डोक्यात चालत असणार, फक्त ते दाखवता आलं नसतं. इथं ते प्रोग्राममध्ये लिहिलेलंच सापडलं. पुढे उदाहरणांवरून आपणच शिकणारी खोल न्यूरल नेटवर्क आली आणि ही सोयही गेली. आता भेदभाव एखाद्या ओळीत सापडत नाही, कोट्यवधी आकड्यांत विरघळलेला असतो.

२००९मध्ये ‘इमेजनेट’ हा चित्रसाठा प्रसिद्ध झाला. पुढे त्यात एक कोटी चाळीस लाखांहून अधिक चित्रं जमली. सगळी इंटरनेटवरून उचललेली आणि ऑनलाइन उक्तं काम करणाऱ्या हजारो लोकांनी एकेक करून वर्गात घातलेली. आजच्या एआयच्या भरारीची धावपट्टी तीच. ज्यांचे फोटो त्यात होते त्यांनाही विचारलं नव्हतं, आणि ज्यांनी वर्गीकरण केलं त्यांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत. या अदृश्य कामगारांचा प्रश्न चर्चेत यायला फार वेळ लागला. भाषेच्या मॉडेलना सभ्य बनवण्यासाठी हिंसा आणि लैंगिक अत्याचारांची वर्णनं वाचून त्यांवर खुणा करणाऱ्या केनियातल्या कामगारांना हातात तासाला दोन डॉलरहूनही कमी पडत होते, हे ‘टाइम’ नियतकालिकानं जानेवारी २०२३मध्ये छापलं, तेव्हा अनेकांना असं काम असतं हेच पहिल्यांदा कळलं.

व्याख्येतली फट सगळ्यांना दिसली ती जून २०१४मध्ये. फेसबुकनं जानेवारी २०१२मध्ये एक आठवडा ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या न्यूज फीडमध्ये दिसणाऱ्या मजकुराची भावनिक चव बदलून पाहिली होती. काहींना आनंदी पोस्ट कमी, काहींना दुःखी कमी. त्याचा निबंध एका नामांकित विज्ञानपत्रिकेत आला आणि गहजब झाला. सहभागी विद्यापीठाचं म्हणणं, माहिती कंपनीनं गोळा केली, आमच्या माणसांनी फक्त तिचं विश्लेषण केलं, म्हणून नीतिसमितीनं तपासायचं कारण नव्हतं. कंपनीला तर समितीचा नियम लागूच नव्हता. दोघंही नियमात बसत होते. पत्रिकेलाच नंतर चिंता व्यक्त करणारं निवेदन छापावं लागलं.

पुढची काही वर्षं धडाक्याची. २०१६मध्ये ‘प्रोपब्लिका’ या अमेरिकी शोधपत्रकारिता संस्थेनं फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत वापरलं जाणारं ‘कॉम्पास’ तपासलं. आरोपी पुन्हा गुन्हा करेल का, हे वर्तवणारं ते सॉफ्टवेअर. ज्यांनी पुढे गुन्हा केलाच नाही अशा कृष्णवर्णीयांपैकी जवळजवळ ४५ टक्क्यांवर ‘धोकादायक’ शिक्का बसला होता. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण २३-२४ टक्के. कंपनीचं उत्तर होतं की सारखा गुण मिळालेले काळे आणि गोरे सारख्याच प्रमाणात पुन्हा गुन्हा करतात. गणितज्ञांनी मग दाखवून दिलं, की मूळ प्रमाणंच वेगळी असतील तर न्यायाच्या या दोन कसोट्या एकाच वेळी पाळता येत नाहीत. कोणती पाळायची हे गणित सांगत नाही. २०१८मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत.

यावर उत्तर म्हणून तत्त्वांच्या जाहीरनाम्यांचा पूर आला. कंपन्या, सरकारं, संघटना, ज्याच्या त्याच्या हातात एक यादी. झुरिकच्या संशोधकांनी २०१९मध्ये अशा ८४ दस्तऐवजांची छाननी केली. पारदर्शकता ७३ ठिकाणी होती. मानवी प्रतिष्ठा फक्त १३ ठिकाणी. माझ्या मते या सगळ्या काळाचं निदान त्या दोन आकड्यांत आहे. नीतीची तत्त्वं लिहिणाऱ्यालाच ती मोडली की नाही हे ठरवता येतं. हक्काचं तसं नसतं. हक्क ज्याचा असतो तो दाद मागू शकतो.

मानवी हक्क संघटनांच्या मे २०१८च्या टोरोंटो जाहीरनाम्यानं म्हणूनच समता आणि भेदभावबंदी या आधीपासूनच्या हक्कांवर बोट ठेवलं. फेब्रुवारी २०२०मध्ये हेगच्या न्यायालयानं ते प्रत्यक्षात आणून दाखवलं. सरकारी मदतीतली फसवणूक हुडकण्यासाठी नागरिकांच्या नोंदी एकत्र करणारी डच सरकारची ‘सिरी’ (SyRI) प्रणाली युरोपीय मानवी हक्क कराराच्या ८व्या कलमाचा, म्हणजे खासगी जीवनाच्या हक्काचा भंग करते, असं ठरवून तिचा कायदेशीर आधारच रद्द केला. त्यासाठी एआयचा वेगळा कायदा लागला नाही, १९५०चा करार पुरला. नोव्हेंबर २०२१मध्ये युनेस्कोच्या १९३ सदस्य राष्ट्रांनी एआयच्या नीतीवरची शिफारस स्वीकारली. तिच्यात मानवी हक्कांना मध्यवर्ती जागा आहे, पण ती शेवटी शिफारसच.

बंधनकारक असं जे आलं ते २०२४मध्ये. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्टला अमलात आला, आणि एआय, मानवी हक्क, लोकशाही व कायद्याचं राज्य यांविषयीचा युरोप परिषदेचा (ही युरोपीय संघाहून वेगळी संघटना) करार ५ सप्टेंबरला व्हिल्नियसमध्ये सह्यांसाठी खुला झाला. दोन्हींत संशोधनाला सूट आहे. केवळ वैज्ञानिक संशोधनासाठी बनवलेली प्रणाली युरोपीय कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. बाजारात येण्याआधीचं संशोधन आणि चाचण्याही बाहेर. विज्ञानाचं स्वातंत्र्य हे सुटीमागचं कारण, आणि ते पोकळ नाही. मात्र प्रणाली प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या परिस्थितीत तपासायची असेल तर ही सूट संपते. कायद्याच्या ६१व्या कलमात न्यूरेंबर्गचा शब्द पुन्हा भेटतो: ज्याच्यावर चाचणी होणार आहे त्याला सगळं समजावून सांगून त्याची संमती घ्यायची. पोलिसी कामासाठीची प्रणाली असेल आणि संमती मागितल्यानं चाचणीच करता येणार नसेल, तर तिथं संमतीचीही गरज नाही, असं त्याच्याच आधीच्या कलमात म्हटलं आहे.