घानाला निघताय? आधी सुई, मग तिकीट

घानाच्या सहलीची चौकशी करणारे बहुतेक जण व्हिसा, खर्च आणि शाकाहारी जेवण एवढं विचारतात आणि फोन ठेवता ठेवता म्हणतात, ‘ती सुई काय, निघायच्या आदल्या दिवशी घेऊ.’ हे पत्रक मुख्यतः त्या शेवटच्या वाक्यासाठी छापलं आहे.

पिवळ्या तापाची, म्हणजे यलो फीवरची लस घेतली की पिवळं कार्ड मिळतं. ते कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी वैध होतं, त्याआधी नाही. घानात उतरणाऱ्याकडे ते हवंच. बरेचदा मुंबईला विमान कंपनीच्या काउंटरवरच मागतात आणि तारीख मोजून बघतात. आठ दिवस झालेलं कार्ड आणि कोरं कार्ड यांत काउंटरवरच्या माणसाला काही फरक नसतो. तिकिटाचे पैसे मात्र तुमचे जातात.

खरी अडचण परतताना येते. भारतात पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, तोच डेंगीवाला, आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. त्यामुळे सरकार याबाबत अजिबात ढिलाई करत नाही. घाना सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत वैध कार्डाशिवाय भारतात उतरलात, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. ‘आम्ही दुबईमार्गे येणार, कोणाला कळतंय?’ असंही आम्हाला ऐकवलं जातं. पासपोर्टवर घानाचा शिक्का असतो, आणि दुबईत दोन दिवस खरेदी केली तरी सहा दिवस होत नाहीत.

ही लस घरच्या डॉक्टरांकडे घेऊन चालत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रावरच घ्यावी लागते. मुंबईत बंदराचं आणि विमानतळाचं आरोग्य कार्यालय ही जुनी केंद्रं. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून केंद्रं ठरलेल्या दिवशी, नाव नोंदवलेल्यांनाच बोलावतात. सुट्ट्यांच्या तोंडावर तारीख मिळायला वेळ लागतो, आणि दहा दिवसांचं गणित तिथेच चुकतं. जाताना मूळ पासपोर्ट न्या. कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट नंबर खुर्चीवरून उठायच्या आत ताडून बघा. एक आकडा चुकला तर पुन्हा खेटा. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण, साठीच्या पुढचं वय किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं यांपैकी काही असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. वैद्यकीय कारणाने लस न घेण्याचं पत्र मिळालं तरी परतल्यावर विलगीकरण टळेलच असं नाही. अशा लोकांना आम्ही घानाऐवजी दुसरी सहल सुचवतो.

पूर्वी कधी आफ्रिकेत नोकरीला होता आणि जुनं कार्ड कपाटात आहे? शोधून काढा. 2016 पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं, दहा वर्षांची मुदत छापलेलं जुनं कार्डसुद्धा.

आता आमच्या ज्या नियमावर सगळे चिडतात त्याबद्दल. कार्डाचा स्पष्ट फोटो आल्याशिवाय आम्ही विमानाचं तिकीट काढत नाही. ‘तोवर भाडं वाढेल’ ही तक्रार खरी आहे, कधीकधी वाढतंही. पण वाढलेलं भाडं परवडतं, बुडालेलं तिकीट परवडत नाही. लसीची तारीख मिळवून द्यायला आम्ही मदत करतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

आता घानात बघायचं काय, ते.

आमची सहल राजधानी अक्रापासून सुरू होते, पण तिथे आम्ही फार रेंगाळत नाही. एनक्रुमा स्मारक, जेम्सटाउनचा दीपस्तंभ, मकोला बाजार एवढं पुरतं. 6 मार्च 1957 ला स्वतंत्र झालेला हा देश, त्याची घोषणा पहिले पंतप्रधान एनक्रुमांनी केली ती जागाच आज स्मारक आहे. विचारलंत तर ओडोरकोर भागातला हिंदू आश्रमही दाखवतो. स्वामी घनानंद सरस्वती या घानाच्याच माणसाने तो उभारला. इथले आफ्रिकन हिंदू गणपती बसवतात आणि समुद्रात विसर्जनही करतात. 

केप कोस्ट आणि एल्मिना या किनाऱ्यावरच्या किल्ल्यांच्या गावांना आम्ही दोन रात्री देतो. ‘एका दिवसात जाऊन येऊ’ म्हणणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणतो. अक्राहून रस्ता तीन तासांचा, त्यात रहदारी. घाईघाईत बघायची ही जागा नव्हे. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी 1482 मध्ये बांधायला घेतला, 1637 मध्ये डचांनी जिंकला, 1872 मध्ये इंग्रजांकडे गेला. आधी सोन्याचा व्यापार, मग गुलाम केलेल्या माणसांचा. बायकांच्या कोठड्यांसमोर छोटं दगडी अंगण आहे आणि वर गव्हर्नरची गॅलरी. तो तिथून खाली बघून बाई निवडायचा. केप कोस्टला पुरुषांच्या अंधारकोठडीच्या बरोबर वर प्रार्थनाघर होतं. आपल्या गटाबरोबर बरेचदा अमेरिकेतून आलेले कृष्णवर्णीय लोक असतात. ते पूर्वजांना भेटायला आलेले असतात, कोणी रडतं. तिथे हसत सेल्फी काढू नका, ही आमची एवढी एकच विनंती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकुमचं जंगल. जमिनीपासून तीस-चाळीस मीटर उंचीवर, झाडाला झाड जोडत गेलेले सात झुलते पूल, एकूण 350 मीटर. पायाखाली अरुंद फळी, दोन्ही बाजूंना जाळी. भीती वाटत असेल तर मधूनच लवकर परतायची वाट आहे, लाजू नका. प्राणी दिसतील या आशेने जाऊ नका, या गर्दीत ते दिसत नाहीत. हत्ती बघायचे तर उत्तरेला मोले अभयारण्यात, जानेवारी ते मार्चमध्ये, पाणवठ्यावर. त्यासाठी तमालेपर्यंत विमान आणि दोन-तीन जादा दिवस लागतात, म्हणून तो भाग वेगळ्या दरात ठेवला आहे.

कुमासी आमची सर्वात आवडती. असांते राजांच्या मानह्या राजवाड्यातल्या संग्रहालयात 2024 मध्ये लंडनहून सोन्याच्या 32 वस्तू आल्या, तीन वर्षांच्या बोलीवर उसन्या. त्यांतल्या बऱ्याच इंग्रजांनी 1874 च्या युद्धात लुटून नेलेल्या. आपली वाघनखं ज्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून त्याच वर्षी तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, त्याच म्युझियमच्या काही वस्तू यात आहेत. तुम्ही जाल तेव्हा त्या तिथे आहेत का, हे आधी विचारून कळवतो. दर बेचाळीस दिवसांनी रविवारी असांते राजाचा दरबार भरतो, त्याला अक्वासिडे म्हणतात. ढोल, मोठमोठ्या रंगीत छत्र्या, सोन्याने मढलेले सरदार. आमच्या सहलींच्या तारखा त्यावरूनच ठरतात, म्हणून ‘दोन दिवस पुढे ढकला’ हे होत नाही.

जवळच्या बोनवायर गावात केंटे नावाचं हातमागाचं कापड विणतात. विणकर पायाच्या बोटांनी दोऱ्या ओढतो, आणि पुढे लांबवर ताणलेला ताणा दगड ठेवलेल्या फळीने घट्ट धरलेला असतो. हातभरही रुंद नसलेल्या पट्ट्या विणून मग त्या शेजारी शेजारी शिवतात. अक्राच्या बाजारात स्वस्त मिळतं ते छापील कापड, म्हणजे आपली सेमी पैठणी. शिवणीचे जोड दिसले तरच हातमागाचं समजा. गावात आम्ही कुठल्याही दुकानाकडून कमिशन घेत नाही, त्यामुळे घासाघीस बिनधास्त करा.

क्रोबो भागातली मण्यांची कामं अवश्य बघा. फुटक्या बाटल्या कुटून, चाळून ती पूड मातीच्या साच्यात भरतात आणि मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात. भट्टीत देठ जळतो आणि मण्याला आपोआप भोक पडतं.

जेवणाबद्दल थोडक्यात. भात, राजमा-चवळीच्या जातीची कडधान्यं, केळी भरपूर. केलेवेले, म्हणजे मसाला लावून तळलेली पिकी केळी, बिनधोक खा. वाचे म्हणजे भात आणि चवळी, पण त्यावरची काळी शिटो चटणी नको, तिच्यात सुकी मासळी असते. ‘व्हेज’ म्हटलं तर मासळी चालते असं समजणारे स्वयंपाकी भेटतात. ‘मांस नाही, मासा नाही, सुकटही नाही’ असं सगळं आमचा माणूस बोलून देतो. थेपले-चटण्या न्यायला हरकत नाही.

पैसे देता-घेताना डावा हात पुढे करू नका, आपल्यासारखंच तेही वाईट मानतात. लष्करी छापाचे कपडे घरीच ठेवा, नागरिकांना ते घालायला तिथे बंदी आहे. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना लस घेतानाच विचारा.

आमचे गट नोव्हेंबर ते मार्च जातात. डिसेंबर-जानेवारीत सहारावरून हरमाटनचा धुळीचा वारा येतो, फोटो धुरकट येतात, पण पाऊस नसतो आणि रस्ते कोरडे असतात. कोणत्या गटात जागा आहे ते फोनवर सांगू, फोन करताना कार्डावरची लसीची तारीख समोर ठेवा.