शेरी कास्क: रिकाम्या पिंपात मुरलेली चव

परवा बेळगावच्या शहापुरात मित्राच्या गच्चीवर शेरी कास्कवाली, म्हणजे शेरी वाइनच्या पिंपात मुरवलेली, सिंगल माल्ट (एकाच भट्टीतली, बार्लीच्या माल्टची व्हिस्की) उघडली, त्यानं ग्लास नाकाशी धरला, दोन थेंब पाणी टाकलं, परत वास घेतला आणि म्हणाला, "अरे हे तर गोकाकचं करदंट की रे!" अगदी बरोबर, सुक्या मेव्याची ती गुळातली वडी. खारीक, अंजीर, मनुका, मागं गुळाचा गडद वास. पण बार्लीच्या दारूत हे येतंय कुठनं?

येतंय ते पिंपातनं. शेरी म्हणजे स्पेनच्या हेरेझ भागातली वाइन, इंग्रज लोक ती भरपूर प्यायचे आणि ती लाकडी पिंपांतनं बोटीनं ब्रिटनला यायची. वाइन संपली की पिंपं रिकामी, परत पाठवणं परवडायचं नाही, मग स्कॉटलंडचे व्हिस्कीवाले ती स्वस्तात उचलायचे. आज्जीच्या लोणच्याच्या बरणीत दुसरं काही भरलं तरी जुना वास उतरतोच की, तसंच हे. चव कुणी ठरवून आणलेली नाही, काटकसरीतनं आलीय, आणि मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

पुढं मागणी वाढली आणि पिंपं कमी पडायला लागली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ग्लासगोच्या विल्यम लॉरी नावाच्या व्यापाऱ्यानं साध्या पिंपांनाच शेरी मुरवून द्यायला सुरुवात केली. पाक्सारेट नावाचं गोड, दाट वाइनचं मिश्रणही पिंपात जिरवायचे, ते 1990 च्या आसपास बंद झालं.

खरा बदल मात्र 1980 च्या दशकात झाला, शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरायची असा नियम आला आणि पिंपातनं वाइन जायचीच बंद झाली. मग उलटी गंगा सुरू झाली. आता नवीन ओकचं साधारण 500 लिटरचं पिंप बनवतात, त्यात दीड-दोन वर्षं ओलोरोसो ही गडद रंगाची शेरी ठेवतात, आणि ती शेरी पिण्यासाठी नसतेच, नंतर तिचा व्हिनेगर नाहीतर ब्रँडी करतात. म्हणजे आधी वाइनसाठी पिंप होतं, आता पिंपासाठी वाइन! हेरेझमध्ये पिढ्यान् पिढ्या वापरातली सोलेराची, म्हणजे जुन्या शेरीत नवी मिसळत मुरवायच्या पद्धतीतली, जुनी पिंपं असतात ती सहसा विकत नाहीत, त्यामुळं बाटलीवर "शेरी कास्क" वाचून तसलं काही डोळ्यासमोर आणू नका. आणि ओलोरोसो स्वतः गोड नसते, सुक्या मेव्याची बरीचशी चव युरोपियन ओकच्या लाकडातनंच येते.

कधी जळक्या काडेपेटीसारखा वास आला तर तो गंधकाचा. रिकामं पिंप खराब होऊ नये म्हणून आत गंधकाची कांडी जाळायचे, त्याचा अंश राहतो. काहींना आवडतो, मला अजिबात नाही.

आपल्या भागात ऊस, साखर कारखाने आणि मळीचा स्पिरिट, त्यामुळं व्हिस्की म्हटलं की तीच चव जिभेवर बसलेली. पण बंगळूरच्या अमृत या कंपनीनं 2004 ला थेट ग्लासगोत आपली सिंगल माल्ट विकायला काढली, आणि चोरला घाट उतरला की गोव्यात पॉल जॉन ही सिंगल माल्ट आहेच. इथल्या उन्हात व्हिस्की लवकर मुरते, स्कॉटलंडमध्ये वर्षाला 2 टक्क्यांच्या आसपास उडून जाते, बंगळुरात 10 टक्क्यांच्या वर, म्हणून 12 वर्षं, 18 वर्षं हे आकडे इथं लावून चालत नाही. अमृतची इंटरमीडिएट शेरी तर आधी बर्बनच्या (अमेरिकन मक्याच्या व्हिस्कीच्या) पिंपात, मग शेरीच्या, मग परत बर्बनच्या अशी फिरवलेली असते. गच्चीवर पुढच्या वेळी तीच उघडायची ठरलीय, सोबत करदंट.