आखाजी आणि खान्देशातला बाप

जळगाव, धुळे, नंदुरबार या खान्देशी पट्ट्यात बापाला तोंडावर बाप कोणी म्हणत नाही, आबा, आण्णा, नाना, दादा, भाऊ, ज्या घरात जे चालतं ते, आणि एकत्र कुटुंब असलं की चुलते त्याला जी हाक मारतात तीच त्याची स्वतःची पोरंही मारतात. पाठीमागे मात्र अहिराणीत सरळ 'मना बाप', म्हणजे माझा बाप.

जुन्या घरांमधे एक रीत होती, मोठ्यांच्या देखत आपलं लेकरू उचलायचं नाही. आजोबा ओट्यावर बसलेले असले की बाप रडणाऱ्या पोराजवळूनही नुसता निघून जायचा, त्यामुळे कित्येकांना आपला बाप तुसडाच वाटत राहिला, आणि रात्री सगळे झोपल्यावर पांघरूण सारखं करणारा बाप त्यांनी कधी बघितलाच नाही. मला हे फार लागतं. आता ती रीत बरीच सुटली, बाप लेकराला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून शाळेत सोडतो, सुरतला कामाला गेलेला बाप रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो. केंद्र सरकारी नोकरीत बाळ झाल्यावर बापाला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते, पण शेतकऱ्याला आणि रोजंदारीवाल्याला ती कोण देणार.

फादर्स डे जूनच्या तिसऱ्या रविवारी असतो. सोनोरा स्मार्ट डॉड यांची आई बाळंतपणात वारली, वडिलांनी एकट्याने सहा लेकरं वाढवली, म्हणून सोनोराबाईंनी मागे लागून अमेरिकेतल्या स्पोकेन गावात १९ जून १९१० ला हा दिवस पहिल्यांदा साजरा करवला, आणि १९७२ ला तिथे त्याचा कायदा झाला. दिवस चांगलाच आहे, पण आपल्याकडे तो नेमका कापसाच्या लागवडीत येतो, बाप वावरात आणि पोरीचं स्टेटस मोबाईलवर.

माझ्या मते खान्देशात बापाचा खरा सण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाख शुद्ध तीज. सासरी गेलेल्या लेकीसाठी हा दिवाळीएवढाच मोठा सण, तिला आणायला मुऱ्हाळी जातो, भाऊ नसला किंवा लहान असला तर बाप स्वतः जातो. अंगणातल्या निंबाला दोर बांधून झोका करून देणं हेही बऱ्याच घरांत त्याचंच काम, आणि दोर नीट बसला का हे बघायला आधी स्वतः लोंबकळून बघणारे आबा गावोगावी दिसतात. वर्षभर दुसऱ्याच्या वावरात राबणाऱ्या सालदाराचं सालही आखाजीला संपतं, नवीन साल ठरायच्या आधी त्याला घरी लेकरांत बसायला मिळतं ते याच दिवसांत.

आणि ज्यांचा बाप गेलाय त्यांच्यासाठीही आखाजीच. कुंभाराकडून घागर आणून पाण्याने भरतात, त्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, जोडीला आंबा, सांजोरी. पुरणपोळी, आमरसाचा स्वयंपाक झाला की घरातला कर्ता पुरुष निखाऱ्यावर तूप सोडून घास टाकतो, याला आगारी टाकणं म्हणतात. बापाचं, आजाचं नाव घेऊन टाकायचा, पितर जेवले असं मानायचं, मग घरच्यांची पानं. जिवंतपणी ज्याला कधी नावाने हाक मारली नाही त्या बापाचं नाव त्या दिवशी चुलीपुढे मोठ्याने घेतात.