डायनामो चार्जिंग देतोय, मग मागची बॅटरी काहून भरत नाही?

ट्रॅव्हलरमधे बेड, फ्रिज, पंखे टाकून घर केलेल्या गाड्या आता ताडोबा, चिखलदऱ्याकडं दिसायला लागल्यात, आणि त्यांच्या मालकांची तक्रार बहुतेक एकच, दिवसभर गाडी पळवली तरी रात्री फ्रिज बंद. गॅरेजवाला लगेच म्हणतो बॅटरी बसली, नवीन टाका. अरे थांबा की, आधी मल्टिमीटर तर लावा!

पुढची बॅटरी स्टार्टरची, मागची घराची, मधे एक रिले, तो इंजिन चालू झालं की दोन्ही जोडतो. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी फुल असली आणि काही तास नुसती पडून राहिली की १२.६-१२.७ दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी. पण ती भरायला साधारण १४.४ लागतात आणि घोळ इथंच आहे. डीपीपासून लांब शेवटच्या वावरातली मोटर कशी नुसती गुणगुणते, फिरत नाही, कारण व्होल्टेज तारेतच मरतं, गाडीतही तेच होतं. अडीच स्क्वेअरची (म्हणजे तांब्याची जाडी अडीच चौरस मिलिमीटर) वायर मीटरला साधारण ७ मिलिओहम अडथळा करते, ६ मीटर वायर आणि ३० अँपिअर करंट धरला तर सव्वा व्होल्ट वाटेतच गेला, म्हणजे पुढं १४.४ असले तरी मागं १३.१ च पोचले. तेवढ्या व्होल्टेजवर बॅटरी नीट भरत नाही, आणि वायर गरम होते ते वेगळंच. तीच वायर १६ स्क्वेअरची टाका, तोटा ०.२ वर येतो.

तपासायचं असं की इंजिन चालू ठेवा, मागची बॅटरी थोडी उतरलेली पाहिजे, मग मीटरचा एक प्रोब पुढच्या बॅटरीच्या प्लसवर, दुसरा मागच्या प्लसवर. जो आकडा येईल तोच तोटा. करंट वाहत नसेल तर सगळं झकास दिसतं, त्यामुळं गाडी बंद करून मोजण्यात काही अर्थ नाही. असंच मायनस टू मायनस मोजा, मग फ्यूज न रिलेच्या दोन्ही बाजूंना. बऱ्याचदा चोर अर्थिंगच्या बोल्टखाली सापडतो, पेंट न घासता कसलेला असतो, नाहीतर वायरच्या टोकाच्या लगवर हिरवा गंज चढलेला.

नव्या बीएस-६ गाड्यांत अजून एक भानगड आहे, बऱ्याच गाड्यांचा ऑल्टरनेटर (आपण ज्याला डायनामो म्हणतो तोच) डिझेल वाचवायला स्वतःच व्होल्टेज खाली आणतो, तिथं रिले काही कामाचा नाही, कमी आलेलं व्होल्टेज वाढवून मागच्या बॅटरीला देणारा डीसी-डीसी चार्जरच पाहिजे. मागची बॅटरी लिथियमची असेल तर नुसत्या व्होल्टेजवर जाऊ नका, ती अर्धी असो की पाऊण, १३.२ च्या आसपासच दाखवते.

आणि आपल्याकडचं ऊन! चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा लेड-ॲसिडला चार्जिंग व्होल्टेज २५ डिग्रीच्या मानानं जवळपास अर्धा व्होल्ट कमी लागतं, नाहीतर पाणी उडतं. चार्जरला टेंपरेचर सेन्सर असेल तर तो बॅटरीला चिकटवलाय का बघा, लोंबकळत ठेवलेला असतो पुष्कळ वेळा. पाणी डिस्टिल्डच टाका, बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात, आणि टाकायचं ते चार्जिंग झाल्यावर, आधी फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच, त्या बुडतील एवढंच.