समकालीन नृत्य आणि सामाजिक सहभाग

शास्त्रीय किंवा लोकनृत्याच्या ठरीव व्याकरणाशी बांधून न घेता, विसाव्या शतकातील आधुनिक नृत्याच्या पुढच्या टप्प्यात घडत गेलेल्या नृत्यप्रकारांना स्थूलमानाने समकालीन नृत्य म्हणतात. त्याचा समाजाशी संबंध दोन प्रकारे येतो. एका प्रकारात युद्ध, श्रम, लिंगभेद किंवा जात असा सामाजिक विषय व्यावसायिक नर्तक रंगमंचावर मांडतात. दुसऱ्या प्रकारात ज्यांचे जगणे हा विषय असतो तेच लोक नाचतात आणि रचनेतही त्यांचा वाटा असतो. सामाजिक सहभाग ही संज्ञा काटेकोरपणे दुसऱ्या प्रकारालाच लागू पडते. मात्र पहिल्या प्रकाराने तयार केलेल्या भूमीवाचून दुसरा उभा राहिला नसता. हा प्रवास थोडक्यात पाहून सोलापूर शहरात अशा कामासमोर कोणते प्रश्न येतात, याचा येथे विचार केला आहे.

जर्मन नृत्यरचनाकार कुर्ट योस यांनी १९३२ मध्ये ‘द ग्रीन टेबल’ या रचनेत हिरव्या मेजाभोवती वाटाघाटी करणारे मुत्सद्दी आणि त्यांच्यामुळे मरणारी माणसे दाखवली. अमेरिकेत अ‍ॅना हॅल्प्रिन यांनी १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील कृष्णवर्णीय आणि सॅन फ्रान्सिस्कोतील श्वेतवर्णीय नर्तकांना एकत्र आणून ‘सेरेमनी ऑफ अस’ हा प्रयोग केला. जर्मन नृत्यरचनाकार पीना बाउश यांनी आपली १९७८ मधील ‘कॉन्टाक्टहोफ’ ही रचना २००० मध्ये वुपर्टाल शहरातील पासष्टी ओलांडलेल्या सामान्य रहिवाशांकडून आणि २००८ मध्ये किशोरवयीन मुलांकडून करून घेतली. वुपर्टाल हे सोलापूरसारखेच कापडधंद्यावर वाढलेले शहर आहे.

भारतात या प्रवाहाचा आरंभ साधारणपणे नर्तक उदय शंकर यांच्यापासून धरतात. ‘लेबर अँड मशिनरी’ या त्यांच्या रचनेत कामगाराच्या हालचाली हळूहळू यंत्रासारख्या होत जातात. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या इप्टा (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन) या संस्थेच्या मध्यवर्ती पथकात नृत्यरचनाकार शांती बर्धन यांनी बंगालच्या दुष्काळाच्या काळात नृत्याला थेट राजकीय प्रचाराशी जोडले. महाराष्ट्रातील वाडा या गावी जन्मलेल्या नृत्यरचनाकार चंद्रलेखा (१९२८–२००६) काही वर्षे रंगमंचापासून दूर राहून स्त्रीमुक्ती आणि नागरी हक्कांच्या चळवळीत होत्या. १९८५ मधील ‘अंगिका’त त्यांनी भरतनाट्यम्, योग आणि कळरिपयट्टू ही केरळची युद्धकला यांच्या आधारे भक्तिकथेवाचून उभे राहणारे नृत्य मांडले. समकालीन नर्तक अस्ताद देबू (१९४७–२०२०) यांनी कोलकाता आणि चेन्नई येथील कर्णबधिर कलावंतांबरोबर दीर्घकाळ काम केले. तालाचा ठेका कानाने न घेता डोळ्यांनी आणि सरावात मुरलेल्या मोजणीने धरण्याची जी पद्धत त्या कामात रुजली, ती सहभागाचे उत्तम उदाहरण आहे, कारण तेथे सहभागींच्या शरीराने नृत्याचे तंत्रच बदलले.

महाराष्ट्रात या कामाला शाहिरी परंपरेची पूर्वपीठिका आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकातून गिरणी कामगारांपुढे गाणे, वग आणि अभिनय नेला. त्याला समकालीन नृत्य म्हणणे ओढूनताणून होईल, पण कलावंत आणि कामगार यांच्यातील अंतर कमी करण्याचा प्रश्न तेथे आधीच हाताळला गेला होता.

सोलापूर शहर १८७७ च्या सुमारास सुरू झालेल्या जुन्या मिलपासून गिरण्यांवर वाढले. गिरण्या बंद पडत गेल्या तरी यंत्रमागावरील चादर आणि टॉवेल, तसेच विडी वळणे, हे येथील श्रमाचे मुख्य आधार राहिले. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते. भिजवून मऊ केलेले तेंदूचे पान फर्मा (मापाचा साचा) ठेवून कात्रीने कापते, त्यात चिमूटभर तंबाखू भरते, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पान वळते, तोंड दुमडते आणि दोरा गुंडाळते. मान सतत खाली असते, पाठीला बाक येतो आणि नजर मात्र टीव्हीवर किंवा रांगणाऱ्या मुलावर जाऊ शकते, कारण बोटांना काम पाठ झालेले असते. नृत्यरचनाकाराला या हालचालींचा मोह पडणे स्वाभाविक आहे. तथापि ती लय उचलून प्रशिक्षित नर्तकांच्या देहावर चढवली आणि प्रकाशयोजनेत सुंदर दिसली, एवढ्याने सामाजिक सहभाग घडत नाही. त्या बाईला आपल्या कामाचे काय दाखवावेसे वाटते, छाट (सदोष म्हणून नाकारलेल्या) विडीवरून होणारी कटकट की शेजारणीबरोबरच्या गप्पा, हे तिने ठरवले तर रचना वेगळी होते आणि बहुधा कमी देखणी होते.

शहरात सामूहिक हालचालीच्या परंपरा भरपूर आहेत. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत उंच, जड नंदीध्वज पेलून चालावे लागते आणि त्यासाठी आधीपासून सराव केला जातो. तोल, वजन आणि इतरांवरचा भरवसा या ज्या गोष्टी समकालीन नृत्याच्या वर्गात मुद्दाम शिकवाव्या लागतात, त्या येथे रस्त्यावर शिकल्या जातात. मिरवणुकीतील हलगी आणि लेझीम सर्वपरिचित आहेत. पद्मशाली समाजातील तेलुगुभाषक स्त्रिया नवरात्राच्या सुमारास बतुकम्माच्या फुलांच्या उतरंडीभोवती गाणी म्हणत, टाळ्या देत फेर धरतात. या फेरात प्रेक्षकांसाठी वेगळी बाजू नसते, आलेली बाई फेरात शिरते. बाहेरून आलेल्या कलावंताने येथे शिकवण्याआधी शिकावे, असे म्हणण्यास हा पुरेसा आधार आहे.

नृत्याला भाषा लागत नाही, हे विधान फार सैलपणे केले जाते. कार्यशाळा बोलूनच घ्यावी लागते आणि मराठी, तेलुगू, कन्नड व दखनी बोलली जाणाऱ्या सोलापुरात सूचना कोणत्या भाषेत द्यायच्या यावर कोण मोकळे होणार आणि कोण मागे उभे राहणार हे ठरते. जागेचेही तसेच आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात प्रयोग झाला तर त्याला प्रतिष्ठा मिळते, तर वस्तीतील मोकळ्या जागेत शेजारी, सासरची मंडळी आणि कारखान्यातील ओळखीचे लोक पाहत असतात, म्हणून तेथे नाचण्याची जोखीम अधिक असते. स्त्रीने चारचौघांत नाचणे म्हटले की अनेक घरांना लावणीची बारीच आठवते. या पूर्वग्रहात लावणी कलावंतांवरील जातीय आणि नैतिक अन्यायही दडलेला आहे, तेव्हा ‘आमचे नृत्य तसले नाही’ असे सांगून सुटका करून घेणे योग्य ठरत नाही.

या क्षेत्रातील सर्वांत कठीण प्रश्न मोबदल्याचा आहे. विडी कामगाराची मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते, त्यामुळे तालमीत गेलेला प्रत्येक तास तिच्या कमाईतून वजा होतो, तर त्याच तालमीसाठी रचनाकाराला अनुदान किंवा मानधन मिळत असते. म्हणून तालमीच्या वेळेची मजुरी, चित्रीकरणाची आगाऊ संमती, श्रेयनामावलीत सहभागींची नावे आणि हवे तेव्हा प्रयोगातून बाहेर पडण्याची मुभा या बाबी पहिल्या तालमीपूर्वीच ठरवाव्या लागतात.