तीव्र सोशल अँक्झायटी असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र कसं मिळवायचं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात ‘सोशल अँक्झायटी’ (लोकांमध्ये वावरण्याची तीव्र भीती) असं नाव शोधलंत तर सापडणार नाही. अर्ज ‘मानसिक आजार’ या प्रकारात करायचा. इथे एक गोष्ट आधीच लक्षात घ्या: निदान झालं म्हणजे प्रमाणपत्र मिळालं, असं होत नाही. आजारामुळे रोजचं जगणं किती अडलंय, हे मोजलं जातं.

मोजण्यासाठी ‘आयडियाज’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिचे चार भाग: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज, आणि काम किंवा शिक्षण. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. आजार किती काळापासून आहे, हेही धरतात. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

या आजाराची खरी अडचण अशी की तो स्वतःचा पुरावाच तयार होऊ देत नाही. मुलगा दवाखान्यातच गेलेला नसतो, म्हणून केसपेपर नसतो. मुलगी तपासणी करणाऱ्या वैद्यकीय बोर्डासमोर नीटनेटकी बसून ‘हो’, ‘नाही’ एवढंच बोलते आणि पाच मिनिटांत ‘लाजाळू दिसते’ असा समज होतो. सोबतचे आईवडीलही संकोचाने ‘तसं सगळं ठीक आहे’ म्हणून जातात. म्हणून अर्जाच्या आधी फाइल उभी करा, भले त्यात काही महिने जावोत. सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात नियमित जा. प्रत्येक भेटीचा केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या आणि समुपदेशनाच्या नोंदी तारखेप्रमाणे लावा. खासगी डॉक्टरांचे कागदही जोडा. त्यांचं पत्र प्रमाणपत्राची जागा घेत नाही, पण आजार किती जुना आहे हे त्यातूनच दिसतं. दवाखान्यात जाणंच जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकापासून सुरुवात करा. पहिला फोन घरच्यांनी केला तरी चालेल.

या फाइलमधला सर्वांत मोलाचा कागद तुम्हीच लिहायचा आहे. मोजपट्टीचे चार भाग घ्या आणि प्रत्येकाखाली घडलेल्या गोष्टी लिहा. ‘लोकांची भीती वाटते’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. ‘तोंडी परीक्षेला दोनदा गैरहजर, विषय राहिला’, ‘मेसमध्ये लोक असतात म्हणून दुपारचं जेवण बंद, दिवसातून एकदाच खातो’, ‘आठ महिन्यांत घराबाहेरच्या कुणाशीही बोलणं नाही’ अशी वाक्यं डॉक्टरांना गुण देताना उपयोगी पडतात. गुणपत्रक, कॉलेजच्या हजेरीचा उतारा, नोकरी सोडल्याचं पत्र, जे असेल ते सोबत लावा. घरातल्या एकाने वेगळं निवेदन लिहावं. या मोजपट्टीत सांभाळणाऱ्या माणसाने दिलेली माहिती आणि जुने कागद विचारात घेणं अपेक्षितच आहे, तेव्हा ते पुढे करायला बिचकू नका. आणि वाढवून लिहू नका. सर्वांत वाईट दिवस रोजचा म्हणून दाखवला की बाकीच्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) स्वावलंबन कार्ड पोर्टलवर होतो, सरकारी शुल्क नाही. आधार, पासपोर्ट आकाराचा फोटो, सही किंवा अंगठा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळली पाहिजे. मोबाइल नंबर मात्र विचार करून द्या. निरोप त्याच नंबरवर येतात, आणि अनोळखी फोन न उचलणाऱ्या मुलाचा नंबर दिला की तपासणीची तारीख हुकते. रुग्णालय राहत्या जिल्ह्यातलं निवडता येतं किंवा जिथे उपचार चालू आहेत ते सरकारी रुग्णालयही. शक्यतो उपचार चालू असलेलंच निवडा. तिथल्या डॉक्टरांनी तुम्हाला आधी पाहिलेलं असतं. अर्जदार अल्पवयीन असेल किंवा आजारामुळे त्याला अर्ज करता येत नसेल, तर कायदेशीर पालक करू शकतात.

अनेक जिल्हा रुग्णालयांत तपासणीचा वार ठरलेला असतो आणि गर्दी प्रचंड असते. दोन तास रांगेत उभं राहून कित्येक मुलं तपासणीआधीच घरी परततात. म्हणून आधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे साधा अर्ज द्या: आजारामुळे गर्दीत थांबता येत नाही, ठरावीक वेळ द्यावी, सोबत नातेवाईक असू द्यावा. पोच घ्यायला विसरू नका. आत गेल्यावर बोलता आलं नाही तर लिहिलेला कागद पुढे करा.

२०२४ च्या सुधारित नियमांनुसार निर्णयाला तीन महिन्यांची मुदत आहे. नकार आला तर कारणं लेखी मिळायला हवीत. ‘हा आजार बसत नाही’ असं खिडकीवर तोंडी सांगून परत पाठवलं, तर ते लेखी मागा. अधिनियमाच्या कलम ५९ खाली अपील करता येतं, पण कागदाशिवाय अपील कशावर करणार?

४० टक्के किंवा अधिक आले तर सरकारी उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के राखीव जागा आणि वयात पाच वर्षांची सूट मिळते. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणात मानसिक आजाराचाही समावेश आहे. महाराष्ट्रात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असेल तर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करा. ४० पेक्षा कमी आले तरी हात झटकू नका. अपंगत्व दीर्घकालीन असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम ३ नुसार ‘वाजवी सोय’ मागता येते: तोंडी परीक्षा एकाच परीक्षकासमोर, वर्गापुढच्या सादरीकरणाऐवजी लेखी काम, कोपऱ्यातली जागा. ही मागणी प्राचार्यांकडे लेखी करा आणि नेमकी काय सोय हवी ते लिहा.

मानसिक आजाराचं प्रमाणपत्र बरेचदा तात्पुरतं असतं, त्यावर वैधतेची तारीख पाहा. संपायच्या तीन-चार महिने आधी नूतनीकरणाची तयारी सुरू करा आणि मधल्या काळात उपचार सोडू नका. केसपेपरमध्ये वर्षभराची पोकळी दिसली, तर बोर्ड त्याचा अर्थ ‘बरं वाटतंय’ असाच घेण्याचा संभव असतो.